तिसरी लेन

जूनमध्ये सगळं जुळलं होतं.
ओउलूच्या उत्तरेचा पूल, पुलाअलीकडचा चौक,
चौकात येणाऱ्या तीन लेन, प्रत्येकी सव्वातीन मीटर.
माऊसने ओढलेली एकेक रेघ,
रेघेला रेघ जोडणारे वाकडे दुवे
आणि त्यांवरून नाकासमोर जाणाऱ्या
तांदळाच्या दाण्याएवढ्या गाड्या.
कॅमेऱ्याने मोजल्या चौदाशे बारा,
मॉडेलने चौदाशे सहा.
सहा गाड्यांचं काय एवढं, यालमारी म्हणाला,
आणि आम्ही केक कापला.

जानेवारीत तेच मॉडेल खोटं पडलं.
सकाळी पावणेआठला पुलामागे खरी रांग
माझ्या रांगेच्या दुप्पट.
मी वेग कमी केला. दोन गाड्यांमधलं अंतर वाढवलं.
ब्रेक दाबल्यावर चाक किती घसरेल
त्याचा अंदाज, मग अंदाजावर अंदाज.
एक पांढरी गाडी तर वळणावरच रुतून बसली.
तीनशे सेकंद झाले की आमची प्रणाली
अशा गाडीला अलगद उचलते
आणि पुढच्या रेघेवर नेऊन ठेवते,
जणू ती थांबलीच नव्हती कधी.
वाट पाहायला इथे तेवढीच मुदत.

शेवटी बर्फ सारणाऱ्यांच्या डेपोत फोन केला.
ओर्वोक्की नावाची बाई म्हणाली,
पहाटे चारला या. दोन मोजे घाला.

उणे सव्वीस.
काचेपुढे रस्ता नव्हताच,
नुसता पांढरा सपाटपणा, कडेला खुणेच्या काठ्या.
लेन कुठे आहेत, मी विचारलं.
"मी पाडीन तिथे."
पातं खाली आलं, केबिन हादरली,
थर्मासचं झाकण गडगडत माझ्या पायाशी,
आणि उजवीकडे बर्फाचा बांध
उठत गेला, शेताला घालावा तसा.
त्या बांधाखाली माझी तिसरी लेन,
बाणासकट पुरलेली.
"लोकांना कोण सांगतं दोनच लेन आहेत म्हणून?"
"कोण सांगणार! पहिली गाडी चाकोरी पाडते,
दुसरी त्यात चाक घालते.
साडेसहापर्यंत अख्खं गाव चाकोरीत."

पुलाअलीकडे एका फाटकाशी
तिने पातं उचललं.
आठ मीटर. पुन्हा खाली.
बांधाला खिंड पडली,
आणि न सारलेला भुसभुशीत बर्फ
तेवढ्यापुरता रस्त्यावरच राहिला.
मी काही विचारलं नव्हतं.
"इथल्या म्हाताऱ्याला फावडं उचलवत नाही.
आधी बायको उपसायची."
एवढंच. मग वेलदोड्याचा पाव,
अर्धा तिला, अर्धा मला.

तिसरी लेन मी पुसली.
रांग बरीचशी जुळली; पुरती नाही.
मग त्या आठ मीटरांवर वेग उतरवला,
ताशी चाळीसवरून बावीस.
माझे दाणे तिथे किंचित बिचकू लागले
आणि रांग पुलामागे लांबत लांबत
थेट खऱ्या रांगेच्या शेपटाशी जाऊन थांबली.
रात्रीचे अकरा वाजले होते. केक नव्हता.

हेलसिंकीहून तपासनिसाचा शेरा आला:
दुवा २१७, लांबी आठ मीटर, मंद गती. कारण?
मी लिहिलं: फाटक.
खोडलं. लिहिलं: म्हातारा.
तेही खोडलं.
प्रत्यक्ष पाहणी, असं लिहून पाठवून दिलं.

एप्रिलअखेर बांध वितळला,
रस्त्यावरचे बाण वर आले, मळकट.
तिसरी लेन मी परत ओढली.
दुवा २१७ काढून टाकायला हवा होता.
अजून आहे.
भर उन्हाळ्यात, मोकळ्या रस्त्यावर
माझ्या गाड्या तिथे क्षणभर बिचकतात,
मग पुन्हा नाकासमोर.
सहाचा फरक आता एकोणीस झालाय.
यालमारीला अजून कळलेलं नाही.